बोरी म्हणजे कोणती बोरी

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी सकाळी सव्वाआठ वाजता, दारव्ह्याच्या मधुसूदन राजूरकर सरांनी एका गावाची अळी दुसऱ्या गावाला पाठवली.

अळी म्हणजे प्रत्यक्ष अळी नव्हे, अळीचा निरोप. पण दोन हजार अठरा साली यवतमाळ जिल्ह्यात लोक या दोहोंत फार फरक करत नव्हते. आदल्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं हाताशी आलेला कापूस आतून पोखरला होता आणि फवारणीच्या विषानं धडधाकट माणसं दवाखान्यात भरती झाली होती. अळी हा शब्द नुसता कानावर पडला तरी टपरीवरचा माणूस चहाचा कप खाली ठेवत असे. अशा दिवसांत, कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या एका छप्पन वर्षांच्या गृहस्थाला वाटलं की आपणही काहीतरी करावं. वाटतं पुष्कळांना. या गृहस्थानं ते केलं, म्हणून तर ही गोष्ट सांगायची.

त्यांनी केलं ते असं. दारव्ह्याच्या आसपासच्या चौदा गावांत कापसाच्या शेतांमध्ये कामगंध सापळे टांगले. मादीच्या वासाला भुलून नर पतंग त्यात येऊन अडकतात, तो सापळा. गावातलं एक माणूस रोज सकाळी पतंग मोजायचं आणि सातच्या आत सरांना फोनवर आकडा सांगायचं. सर तो आकडा आपल्या कंप्युटरवरच्या प्रोग्राममध्ये भरायचे. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग सापडले, की त्या गावातल्या सगळ्यांच्या फोनवर निरोप जायचा: अळी येते आहे, मिटलेल्या गुलाबासारख्या दिसणाऱ्या डोमकळ्या शोधून तोडा, विचारल्याशिवाय फवारू नका. हे सगळं फुकट, कॉलेज सांभाळून, आणि दोन बोटांनी टाइप करून.

आता चौदा गावं म्हटली की चौदा तऱ्हा आल्या. एका गावाला निरोप गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, हवा होता, एकाला मोठ्या अक्षरांत. एका गावाचं म्हणणं, निरोपाच्या सुरुवातीला सरपंचाचं नाव पाहिजे. त्याच्या शेजारच्या गावाचं म्हणणं, सरपंचाचं नाव सोडून काहीही चालेल. त्यामुळे एकाच प्रोग्रामची चौदा रूपं झाली. ती एकमेकांत मिसळू नयेत म्हणून सर एक अवजार वापरत. जगभरातली प्रोग्राम लिहिणारी माणसं ते फुकट वापरतात आणि फुकटच दुरुस्त करतात. त्यात प्रत्येक रूपाची एक फांदी असते, तिला ब्रँच म्हणतात. नाव टाइप केलं की त्या फांदीवर जाता येतं. सरांनी ही नावं सरकारी शिस्तीनं ठेवली होती. ‘बोरी-अरब-कामगंध-खरीप-अठरा-अंतिम-सुधारित’ हे त्यातलं सुटसुटीत.

एवढं नाव रोज कोण टाइप करणार? अवजारात सोय होती, पहिली चार-पाच अक्षरं दिली की बाकीचं ते स्वतः ओळखायचं. त्या मंगळवारी सरांना निरोप द्यायचा होता बोरी खुर्दला. त्यांनी ‘बोरी’ एवढंच लिहिलं आणि एंटर दाबलं. यादीत बोरी अरब आधी होतं. अवजारानं तेच उचललं, ब्र काढला नाही, आणि बोरी अरबच्या दोनशे अकरा फोनांवर अळी येऊन थडकली.

बोरी अरबच्या बायका दोन दिवस उन्हात डोमकळ्या शोधत फिरल्या. सापडली एक, तीही संशयास्पद. रूपसिंग नावाच्या शेतकऱ्यानं तर पाठीवर पंप चढवून औषध कालवायला घेतलं होतं. सत्यभामाबाईंनी धावत जाऊन त्याचा पंप उतरवला म्हणून बरं. तिकडे बोरी खुर्दला, जिथं अळी खरोखर आली होती, खरा निरोप पोचला चार दिवसांनी. तोवर अळीनं आपलं काम सुरू केलं होतं.

सत्यभामाबाई म्हणजे बोरी अरबच्या पतंग मोजणाऱ्या. पाच एकरांच्या मालकीण, बचत गटाच्या अध्यक्ष, आणि बोलण्यात अशा की ग्रामसेवक त्यांच्या घरावरून जाताना फोन कानाला लावून जायचा. चौदांतल्या अकरा गावांनी सापळे लावले होते ते सरांच्या नव्हे, या बाईंच्या भरवशावर. आता गावात पोरंटोरं ‘सत्यभामाबाईची अळी’ म्हणून हसत होती. शुक्रवारी त्यांचा फोन आला तो आकडा सांगायला नव्हता.

"सर, मानूस चुकला तं त्याच्यासंगं भांडता येते," त्या म्हणाल्या. "तुमच्या मशीनले समजलं नाही, अन् समजलं असं दाखवून त्यानं निरोप धाडून देल्ला. अशा मशीनच्या नादी मी गावाले लावनार नाही. उद्यापासून मी मोजत नाही."

सरांना सांगायचं होतं की चूक यंत्राची आहे. नंतर सांगायचं होतं की चूक माझी आहे. दोन्ही खरं असल्यामुळे आधी कोणतं सांगावं हे ठरेना, तोवर फोन बंद झाला होता. त्या आठवड्यात आणखी तीन गावांनी मोजणी थांबवली. अळीची मोठी लाट यायची ती दसऱ्याच्या सुमाराला, आणि तोवर सत्यभामाबाई परतल्या नाहीत तर उरलेली गावंही जाणार हे गणिताच्या मास्तराला कुणी समजावून सांगायला नको होतं.

समजावून सांगायला मात्र लोक आले. सर्वांत आधी आले शेजारचे रामसिंग राठोड, भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झालेले. जमिनीचा गट नंबर हाच मनुष्यजातीचा सर्वांत मोठा शोध आहे असं त्यांचं मत होतं. त्यांनी सांगितलं, नावं काढून टाका, गावांना नंबर द्या. सरांनी दिले. दोन दिवसांनी नऊ नंबर बोरी की सहा नंबर बोरी हे आठवेना, आणि नंबरांची यादी वाण्याच्या यादीच्या पाठीमागे पाहिली होती असं त्यांच्या पत्नी पद्मजाताईंचं म्हणणं पडलं. वाणी म्हणाला, यादी कधीच रद्दीत गेली. मग सरांनी सगळं ठीक आहे ना हे तपासायला एक निरोप तयार केला, ‘ही चाचणी आहे, घाबरू नये’. तो एका गावाला जायचा तो चौदाही गावांना गेला. कशाला घाबरायचं नाही हे विचारायला त्या दिवशी सरांना एकशे साठ फोन आले.

त्या रात्री जेवताना त्यांनी पद्मजाताईंना सांगितलं की आता मूळ अवजारच दुरुस्त करायचं. पद्मजाताई कन्या शाळेत मराठी शिकवत. तीस वर्षांच्या संसारात मिक्सर, शिलाई मशीन आणि दारावरची घंटा या तिन्ही वस्तू नवऱ्यानं दुरुस्त केल्यावर नव्या घ्याव्या लागल्या होत्या, हे त्यांना आठवलं. तरी त्या काही बोलल्या नाहीत, वाटीत वरण वाढलं. आम्हाला विचाराल तर या सबंध प्रकरणातलं पहिलं शौर्य हेच.

ज्या अवजारावर जगातली लाखो माणसं विसंबून आहेत, ते दुरुस्त करण्याची हिंमत दारव्ह्यातल्या एका मास्तराला व्हावी, हे कुणाला हास्यास्पद वाटेल. आम्हालाही वाटलं. पण या माणसानं महिनाभर पहाटे चारला उठून, वीज असेल तेव्हा विजेवर आणि नसेल तेव्हा बॅटरीवर, दुसऱ्यांनी लिहिलेला तो प्रोग्राम ओळ न् ओळ वाचून काढला. आपण स्वतःच्या पॉलिसीवरचा बारीक मजकूरसुद्धा वाचत नाही.

सरांची पहिली दुरुस्ती तीनशे चाळीस ओळींची होती आणि तिचं नाव होतं ‘अंदाज’. तुम्ही नुसतं बोरी लिहिलंत तर काल कुठं होतात, परवा कुठं होतात, कोणता वार आहे, हे सगळं पाहून अवजारानं कोणती बोरी ते स्वतः ओळखायचं. सरांना यात बुद्धिमत्ता दिसत होती. विचारणं त्यांना मुळातच आवडत नसे. वर्गात विचारायचं ते मुलांना, आणि उत्तर आपल्याला येत असेल तरच, असा त्यांचा खाक्या.

दुरुस्ती मेलनं पाठवायची होती. अवजाराची देखरेख करणाऱ्या मंडळींपैकी हेल्गा नावाच्या एका बाईंनी ती तपासायला घेतली. पहिलं उत्तर असं आलं की तुमची दुरुस्ती आमच्या यंत्राला वाचता येत नाही, कारण तिच्या शेवटी एक ओळ आहे जिचा अर्थ लागत नाही. ती ओळ होती ‘प्रयत्नांती परमेश्वर’. सरांच्या प्रत्येक मेलखाली एक सुविचार आपोआप चिकटत असे, तो या वेळी प्रोग्रामलाही चिकटला होता. सरांनी सुविचार बंद केला आणि पुन्हा पाठवलं. उत्तर आलं की आता वाचता येतं, पण तेवीस ओळींच्या शेवटी उगाच मोकळी जागा सुटली आहे. अक्षर गिचमिड म्हणून तीस वर्षं दुसऱ्यांचे गुण कापलेल्या माणसाचे आता, दिसतही नाही अशा मोकळ्या जागेसाठी गुण कापले जात होते. दोन दिवस ते कॉलेजात कुणाशी धड बोलले नाहीत.

तिसऱ्या वेळी हेल्गाबाईंनी मुद्द्याला हात घातला. अतिशय सभ्यपणे, आभार मानून, त्यांनी एवढंच लिहिलं होतं: तुमचा अंदाज दहांपैकी नऊ वेळा बरोबर येईल हे मला पटतं, पण दहाव्या गावाला आपण काय सांगायचं?

सरांनी लॅपटॉप मिटला. त्यांना राग आला, आणि रागाचं खरं कारण हे की प्रश्न बरोबर होता. शेवटी त्यांनी ठरवलं की परदेशातली बाई राहू दे, आधी सत्यभामाबाईंनाच जाऊन आपली योजना समजवावी. एका मोठ्या कागदावर ‘अंदाज’ची आकृती काढली, बाण लाल शाईनं, आणि रविवारी सकाळी ते दारव्ह्याच्या जीप स्टँडवर आले.

त्या स्टँडचा एजंट वाहिद. पंचावन्नच्या घरातला, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी. चाळीस-बेचाळीस गावं, वीसेक जीपा, कोणत्या जीपमध्ये किती माणसं आणि किती कोंबड्या, हे सगळं त्याच्या डोक्यात. कागद कुठं नाहीच. सर बोरीच्या जीपकडे निघाले तसा तो आडवा आला आणि त्यानं विचारलं, कोणती बोरी. सर म्हणाले, बोरी. वाहिद म्हणाला, दोन आहेत, अरब की खुर्द. आपण कुठं जातो हे अर्ध्या दारव्ह्याला माहीत असताना हा माणूस चारचौघांत आपली उलटतपासणी घेतो याचा सरांना अपमान वाटला. सांगितलं ना बोरी, असं ते जरा चढ्या आवाजात म्हणाले. वाहिदनं शांतपणे जीपच्या मागच्या दांडीवर हात आडवा टाकला.

"मंग जीप हालत नाही, सर."

आत तेरा माणसं बसली होती. एक म्हातारी म्हणाली, सांगून टाका न जी, ऊन तापून राह्यलं. सरांनी अरब म्हणून सांगितलं, पण चढले नाहीत. खाली उभं राहून त्यांनी वाहिदला विचारलं की मी अरबलाच जाणार हे तुला ठाऊक नव्हतं का?

"ठाऊक होतं न," वाहिद म्हणाला. "पन ठाऊक अन् पक्कं ह्यात फरक हाय. सात-आठ साल झाले, एक मानूस असाच बोरी म्हने. मी त्याले खुर्दले जाताना चार डाव पाह्यलं होतं, म्हून खुर्दच्या जीपमधी बसवलं. त्याचा बाप मेला होता, माती होती अरबले. नाही पोचला. तवापासून मी अंदाज सोडला, सर."

हातातली आकृती सरांनी घडी करून खिशात घातली. जीप त्यांना न घेताच गेली.

मग मधुसूदनरावांनी जे केलं, त्याबद्दल आम्हाला त्यांचं मनापासून कौतुक वाटतं. कोपऱ्यातलं एक रिकामं खोकं त्यांनी उलटं केलं, त्यावर बसले, वही काढली आणि वाहिदला म्हणाले, तू कसं करतोस ते मला शिकव. वाहिदला वाटलं सर थट्टा करतात. मग त्यांचा चेहरा पाहून त्यानं चहा सांगितला.

सर त्या रविवारी बसले, आणि सोमवारी रजा टाकून पुन्हा बसले. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत गावात बातमी फिरली की राजूरकर सर घरी भांडण करून स्टँडवर राहतात. संध्याकाळपर्यंत ती सुधारली, सर जीपचा धंदा काढताहेत. सोमवारी सकाळी मात्र चालकांनी पक्कं ठरवलं की वहीवाला माणूस म्हणजे आरटीओचा हेर. ज्या जीपमध्ये सतरा माणसं बसत त्यातून आठ-आठच निघायला लागली, चार चालक तर जीपा घेऊन शेतातच जाऊन उभे राहिले. बाजाराला आलेले लोक अडकून पडले. रामसिंगजी घाईघाईनं येऊन म्हणाले की संसारात होतं असं, चला घरी, मी वहिनींशी बोलतो. पद्मजाताई शाळेतून परस्पर डबा घेऊन आल्या, तो खोक्यावर ठेवला आणि कुणाकडेही न बघता निघून गेल्या, त्यामुळे भांडणाच्या बातमीला बळकटी आली. शेवटी वाहिदनं प्रत्येक चालकाला गाठून सांगितलं की सर आपले आहेत, शिकायला बसलेत. मास्तर शिकायला बसला यावर विश्वास बसायला चालकांना संध्याकाळ झाली.

पण सरांच्या वहीची सहा पानं भरली होती. गाव एकच असेल तर वाहिद काही विचारत नसे. नाहक विचारलं की गिऱ्हाईक चिडतं. दोन असली तर तेवढ्या दोहोंचीच नावं घ्यायचा, बेचाळीस गावांचा पाढा वाचायचा नाही. सावळी नावाचं एक गाव होतं आणि सावळीखेडा नावाचं दुसरं. कुणी नुसतं सावळी म्हटलं तर ते पूर्ण नावच झालं, तिथं त्याला सावळीलाच बसवायचं, उगाच खेडा तर नाही ना असा शहाणपणा करायचा नाही. हे शेवटचं ऐकून सर उठून उभे राहिले. नेमकी हीच गोष्ट त्यांच्या तीनशे चाळीस ओळींत चुकली होती आणि त्यांना ती सापडत नव्हती.

घरी जाऊन त्यांनी ‘अंदाज’ संपूर्ण पुसला. महिनाभराची मेहनत पुसायला अर्धं मिनिट लागलं, असं पद्मजाताई सांगतात. नवी दुरुस्ती एक्केचाळीस ओळींची झाली. हेल्गाबाईंचं उत्तर या वेळी एका दिवसात आलं: आता बरोबर आहे, ही कल्पना तुम्हाला कुठं सुचली? सरांनी लिहिलं, जीप स्टँडवर. त्यावर बाईंनी विचारलं की हे एखाद्या संस्थेचं नाव आहे का. सरांनी थोडा विचार करून, होय, असं उत्तर दिलं.

इथं प्रकरण संपायला हवं होतं, पण संस्था म्हटली की कागद आला. अवजारवाल्यांना एक लेखी खात्री हवी होती की हे काम सरांचं स्वतःचं आहे आणि त्यांची नोकरीची संस्था त्यावर हक्क सांगणार नाही. सर कॉलेजच्या कार्यालयात गेले. कारकुनानं सगळ्या फायली उघडून दाखवल्या. रजेचा नमुना होता, सायकल खरेदीचा होता, वाङ्मय मंडळाच्या सतरंजीचाही होता. आपण केलेली वस्तू जगाला फुकट देण्याचा नमुना नव्हता. जवळात जवळ परदेशगमनाचा अर्ज येत होता. तो भरला. ‘जाणाऱ्याचे नाव’ या रकान्यात सरांनी लिहिलं ‘एक्केचाळीस ओळी’, आणि ‘परतीची तारीख’ या रकान्यात ‘परत येणार नाहीत’. प्राचार्यांनी सही केली, पण सरांना बाजूला घेऊन विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. जीप स्टँडवरची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

मग निघाला भाषेचा प्रश्न. अवजाराचे प्रश्न वेगवेगळ्या भाषांत दाखवायची सोय होती, मराठीचा कप्पा रिकामा. सरांनी मोठ्या अभिमानानं वाक्य तयार केलं, ‘आपण दिलेले संक्षिप्त नाव संदिग्ध असल्याने कृपया अभिप्रेत शाखा निर्दिष्ट करावी’. पद्मजाताईंनी ते वाचलं, लाल पेनानं त्यावर एक आडवी रेघ ओढली आणि खाली दोन शब्द लिहिले, ‘यातली कोणती?’ सरांनी वाद घालायला तोंड उघडलं होतं. पण सबंध आयुष्यात बायकोचं लेखन आपल्यापेक्षा चांगलं आहे हे कळायला इतका वेळ का लागला, असा विचार मनात येऊन त्यांनी ते मिटलं.

शेवटचा तंटा एंटरचा. देखरेखवाल्यांपैकी एका गृहस्थाचं म्हणणं होतं की प्रश्न विचारल्यावर माणसानं काही न लिहिता एंटर दाबलं तर यादीतलं पहिलं नाव धरावं, सगळीकडे तसंच असतं, तेवढाच वेळ वाचतो. बरीच मंडळी त्या बाजूनं झुकली. सरांनी आपल्या इंग्रजीत, जे व्याकरणशुद्ध पण ताठ होतं, पानभर मेल लिहिली. त्यात वाहिद होता, दांडीवर आडवा टाकलेला हात होता, आणि बापाच्या मातीला न पोचलेला माणूस होता. उत्तर मिळालं नाही तर जीप हलता कामा नये, असं शेवटचं वाक्य. पाच दिवस कुणाचंच उत्तर आलं नाही. सर कॉलेजात फळ्यावर भूमिती काढताना मध्येच थांबून खिडकीबाहेर बघत. सहाव्या दिवशी त्याच गृहस्थाची एका ओळीची मेल आली, तुमचं खरं आहे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात अवजाराची नवी आवृत्ती निघाली. सुधारणांच्या लांबलचक यादीत तळाशी, ‘किरकोळ’ या मथळ्याखाली, सरांची दुरुस्ती होती.

किरकोळ या शब्दाचं सरांना वाईट वाटलं, आणि ते तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. पण आता वेळ नव्हता, दसरा आठवड्यावर आला होता. लॅपटॉप पिशवीत घालून ते स्टँडवर गेले, आपण होऊन ‘बोरी अरब’ असं पूर्ण नाव सांगितलं आणि बसले.

सत्यभामाबाईंच्या शेतात त्या दिवशी सीतादही होतं. पहिला कापूस वेचण्याआधी शेताला दहीभात दाखवायचा, तो दिवस. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पाच-सहा बायका, बाजूला रूपसिंग. सरांना पाहून कुणी बसा म्हटलं नाही. सर उभ्या उभ्याच बोलायला लागले आणि त्यांनी तयार करून आणलेलं भाषण तिसऱ्या वाक्याला अडलं. मग भाषण सोडून त्यांनी सांगितलं की चूक झाली, बोरी खुर्दचं नुकसान झालं, तुम्हाला लोक हसले, ते माझ्यामुळे.

बाईंनी हात धुतले. मशीन दाखवा म्हणाल्या. सरांनी बांधावर लॅपटॉप उघडला आणि ‘बोरी’ लिहिलं. पडद्यावर दोन गावांची नावं आली आणि खाली प्रश्न, यातली कोणती? बाईंनी तो मोठ्यानं वाचला. मग त्यांनी विचारलं की दाबायचं बटण कोणतं, आणि सरांनी दाखवल्यावर उत्तर न देताच ते दाबलं. प्रश्न पुन्हा आला. त्यांनी पुन्हा दाबलं, मग खलबत्त्यात मिरची कुटावी तसं पाच-सहा वेळा दणादण दाबलं. सरांना लॅपटॉपची काळजी वाटली. कुठंही, कुणाच्याही फोनवर काही गेलं नाही. दर वेळी तेच दोन शब्द येत होते.

"हे कोनी शिकवलं त्याले?" बाईंनी विचारलं.

"दारव्ह्याच्या स्टँडवरच्या वाहिदनं," सर म्हणाले. "शब्द माझ्या बायकोचे. मी फक्त टाइप केलं."

"वाहिदभाईनं? मंग बराबर हाय." बाईंनी पडद्याकडे बोट केलं. "पह्यले समजल्यासारखं करे. आता विचारून राह्यलं. विचारनाऱ्यावर भरोसा ठेवता येते, सर."

त्यांनी पदराची गाठ सोडून एक घडी घातलेला कागद काढला. ऑगस्टपासून आजपर्यंतच्या रोजच्या तारखा होत्या त्यात, आणि प्रत्येक तारखेपुढे गावातल्या आठही सापळ्यांचे आकडे. त्यांनी मोजणं एक दिवसही सोडलं नव्हतं; सोडलं होतं ते फक्त सांगणं. इतक्या दिवसांचा अपमान, रजा, खोकं, किरकोळ, सगळं सरांच्या डोळ्यांतून निघालं. रूपसिंगनं मान दुसरीकडे वळवली.

"लिहून घ्या," बाई म्हणाल्या. "कालच्यापासून धरा. पह्यल्या सापळ्यात नऊ, दुसऱ्यात अकरा, तिसऱ्यात आठ."

सरांनी वही उघडली, पण डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं आणि तिसरा आकडा निसटला. गणिताच्या मास्तरांनी सहा बायका आणि एका रूपसिंगसमोर वर पाहिलं आणि विचारलं, तिसऱ्यात किती म्हणालात?

बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, सावकाश.